बुआलायचा पाय

बुआलायचा उजवा पाय काही केल्या स्वस्थ बसत नसे, आणि त्याचं खापर सगळ्या गावाने शिवणयंत्रावर फोडलं होतं. अर्धं आयुष्य तिने पायाच्या मशीनवर कपडे शिवले. मग मुलाने, फूमने, हौसेने मशीनला मोटर बसवून दिली. मशीन सुधारलं, पाय बेकार झाला, आणि बेकार माणसासारखाच दिवसभर उगाच हलू लागला. जेवताना हलायचा, विहारात प्रवचनाला बसली की हलायचा. झोपेत तर असा हलायचा, की घराच्या खांबांवरच्या पाली कंटाळून शेजारी राहायला गेल्या.

शेजारी तिची थोरली बहीण वन्ना राहायची. ती म्हणायची, "अगं, पाय हलवलास की घरातलं भाग्य गळतं."

"गळू दे की. तुझ्याकडेच येईल ते, पालींच्या मागोमाग."

भाग्याची गोष्ट निघाली ती एप्रिलात. फूमचं लष्करभरतीचं वय झालं होतं. सोडतीत लाल चिठ्ठी निघाली की पलटणीत, काळी निघाली की घरी. नवरा कधीच गेलेला, पोर एकुलतं. त्या दिवशी सकाळी बुआलाय गावकुसाच्या झाडीत आजोबांच्या घुमटीपाशी गेली. आजोबा म्हणजे गावाचा राखणदार, सगळ्यांचाच आजा. तिथे आयांची रांग लागलेली. कुणी उकडलेल्या अंड्यांचा नवस बोलत होती, कुणी डुकराचं डोकं, कुणी नाच. बुआलायची पाळी आली आणि तिचं डोकं पार रिकामं झालं. नेमकी त्याच वेळी रस्त्यावर खामसिंगच्या बँडची गाडी कर्ण्यांची चाचणी घेत होती, आणि बास गिटारचे ठोके बुआलायच्या छातीतून आरपार जात होते.

"आजोबा," ती ओरडली, "काळी चिठ्ठी निघू दे! पोराला भिक्खूचं चीवर देईन, आणि त्याच्या मिरवणुकीत मी स्वतः बास वाजवीन! मिरवणूक संपेपर्यंत हात थांबला तर नाव बदला!"

मागच्या बाया अंडी विसरून बघत राहिल्या.

फूमला काळी चिठ्ठी निघाली. बुआलाय नाचली, रडली, येईल त्याला चिकटभात आणि भाजकी कोंबडी खाऊ घातली. हा आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. मग तिच्या ध्यानात आलं, की आपण बासला कधी बोटसुद्धा लावलेलं नाही.

नवस बुडवणं आमच्याकडे कुणाला परवडत नाही. गावातल्या थोंगदामने डुकराचं डोकं बोलून कोंबडीवर भागवलं होतं. तेव्हापासून तो असा घोरतो, की बाजारातले खाटीक भाव विचारायला दारात येतात. बुआलायला घोरण्याची भीती नव्हती. आजोबांनी दिलेलं पोर आजोबांनी परत मागितलं तर, या विचाराने पाय दुप्पट हलू लागला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती खामसिंगच्या दारात. खामसिंग वयाने थोडा मोठा. नागाचा फणा कोरलेली, तीन तारांची, वीज लावलेली फिन वाजवण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"दादा, बास शिकव."

"देवाने तुला कात्री दिलीय, बाई. तीच चालव."

"बँडच्या सगळ्यांना टिकल्यांचे शर्ट शिवून देते."

खामसिंगने अंगातल्या विटलेल्या शर्टाकडे पाहिलं. "माझा बासवाला तैवानच्या कारखान्यात गेलाय, बास खुंटीला लटकलीय. ने. पण हिच्या तारा म्हणजे तुझा शिवणदोरा नाही हो!"

नव्हताच. पहिल्याच दिवशी बोटांना फोड आले. तार दाबावी तर ती कुरकुरायची. "पट्टीच्या मधोमध कशाला दाबतेस? धातूच्या दांडीला खेटून दाब," खामसिंग सांगायचा. एक तार छेडावी तर शेजारच्या दोन आपल्या मनानेच गुणगुणायच्या. "त्यांच्यावर अंगठा ठेव. बासमध्ये वाजवण्याइतकंच न वाजू देणंही शिकायचं असतं." गाण्याला सूर लागत होते दोनच. बुआलायला वाटलं, दोन सूर म्हणजे दोन दिवस. पण उजव्या हाताची दोन बोटं आळीपाळीने चालवायची तर ती एकमेकांत अडखळत होती, एकाच दारातून घुसणाऱ्या जावांसारखी.

घरी कर्णा नव्हता. नुसत्या तारांचा आवाज डासाएवढा. मग खामसिंगने युक्ती सांगितली, की बासचं लाकूड घराच्या खांबाला टेकवून वाजव. तिने टेकवलं. अख्खं घर घुमू लागलं. फळीवरची भांडी सरकत सरकत काठाशी आली, परसातली पपई पिकायच्या आधीच पडली, आणि पलीकडून वन्ना ओरडली, "बुआलाय! त्या पाली इथूनही निघाल्या गं!"

पण खरं दुखणं वेगळंच होतं. ती पळायची. गाणं सुरू व्हायचं बैलगाडीच्या चालीने, आणि दोन कडव्यांत बुआलाय त्याला फटफटीवर बसवायची. तिच्या पायात मशीनची मोटर शिरली होती.

"अगं, कुठली गाडी चुकतेय तुझी?" खामसिंग फिन खाली ठेवायचा. "मिरवणुकीत म्हाताऱ्या नाचतात. या वेगाने मारशील एकेकीला!"

"पाय ऐकत नाही, दादा."

"मग त्याला गुरू बदलून दे."

नवा गुरू म्हणजे वन्नाची म्हैस. तिच्या गळ्यात लाकडी घंटा, आणि जगातली कुठलीही गोष्ट तिला घाईची वाटत नसे. रोज सकाळी म्हैस चरायला निघाली की बुआलाय गळ्यात बास अडकवून मागे. टक, टक, घंटा वाजायची, त्यावर एक एक सूर. पुढे पळाली की म्हशीच्या शेपटीवर आपटायची, आणि शेपूट तोंडावर फटकारा द्यायची. असली मास्तरकी खामसिंगला जन्मात जमली नसती. हळूहळू बोटं चालीला लागली. म्हशीलाही इतकी चटक लागली, की बास वाजल्याशिवाय ती गोठ्यातून पाऊलच टाकीना.

फूम हे सगळं बघून हसायचा. एकदा म्हणाला, "आई, मी चीवर घेतल्यावर घरी एकटीच वाजवत बसशील ना?"

"एकटी कशाची? खांब तुझ्यापेक्षा जास्त बोलतो," बुआलाय म्हणाली, आणि पुढचे चार सूर पळाली.

एकदा चीवर अंगावर चढलं, की भिक्खूला कुठल्याच बाईने हात लावायचा नाही. आईनेही नाही. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि पोर समोर भात चिवडत बसलेलं असणं, यात फरक पडतो.

जूनमध्ये दिवस ठरला. फूमचं डोकं, भुवया भादरून त्याला पांढऱ्यात गुंडाळलं. दीक्षेपर्यंतच्या या पोराला आम्ही नाग म्हणतो, आणि नागाचे पाय जमिनीला लागू देत नाहीत. दोघा तगड्या मित्रांनी त्याला खांद्यावर घेतलं. चीवराचं तबक आईने धरायचं असतं, पण आईचे हात नवसात अडकलेले. ते वन्नाने धरलं. पुढे ढकलगाडीवर कर्णे आणि जनरेटर, गाडीला तारेने बांधल्यासारखी बुआलाय, शेजारी टिकल्यांच्या शर्टात चमचमणारा खामसिंग.

आणि खरंच सांगतो, ती वाजली! म्हशीच्या चालीने, जाड, गोल, ओल्या मातीत पाऊल उमटावं तशी. म्हाताऱ्या नाचू लागल्या. घरात घोरत पडलेला थोंगदामसुद्धा बाहेर आला. मिरवणूक विहारात शिरली, दीक्षामंदिराला रीतीच्या तीन फेऱ्या झाल्या. खामसिंगने हनुवटीने खूण केली. बुआलाय वाजवतच राहिली. चौथी फेरी सुरू झाली.

"अगं, थांबव!"

"मिरवणूक संपली का?"

"तू थांबलीस की संपेल!"

"ती संपली की मी थांबेन! आजोबांना शब्द दिलाय!"

यात खामसिंगला चूक सापडेना. ठेका चालू असताना पाय आवरणं आमच्या लोकांना जमत नाही, आणि पाय चालू असताना मिरवणूक संपत नाही. पाचवी झाली, सहावी झाली. नाचणाऱ्यांच्या चपलांचे तळवे झिजून नुसते पट्टे उरले. कमरेत वाकलेली एक म्हातारी नाचता नाचता सरळ झाली आणि स्वतःच्या उंचीला घाबरली. शेजारच्या गावचे लोक आवाज ऐकून पळत आले. गोठ्यातली म्हैसही दावं तोडून हजर झाली आणि घंटा वाजवत शेवटाला चालू लागली. फूमला उचलणारे मित्र दोनदा बदलले. मंदिराभोवती जमीन खचून चर पडला. तो अजून आहे, पावसाळ्यात त्यात बेडूक असतात.

शेवटी खामसिंगने जनरेटर बंद केला. कर्णे गप्प झाले, पण तोवर ठेका सगळ्यांच्या पायात उतरला होता. धप, धप, नुसत्या पावलांवर मिरवणूक फिरतच राहिली, आणि मुक्या तारांवर बुआलायची बोटंही.

वन्ना तबक घेऊन तिच्या शेजारी आली. "माझे हात भरून आले गं. हे तूच द्यायचंस."

"माझे मोकळे नाहीत," बुआलाय म्हणाली. तिने वर पाहिलं नाही. वर पाहिलं असतं तर पोराचा भादरलेला कोवळा माथा दिसला असता.

तेव्हा फूमने मित्रांच्या पाठीवर थाप मारली आणि खाली उतरला. अनवाणी, मातीत. वन्नाने "अरे, पाय!" म्हणेपर्यंत तो आईसमोर उभा होता. त्याने तळहात तारांवर ठेवला. तिची बोटं त्याखाली थोडी धडपडली.

"आई, मिरवणूक संपली."

"कुणी सांगितलं?"

"ज्याची होती त्याने."

बुआलायची बोटं थांबली. तिने दुसरा हात त्याच्या हातावर ठेवला, आणि घाई केली नाही. सगळ्या गावाची पावलं एकेक करून थांबली. मग तिने बास खामसिंगच्या गळ्यात अडकवली, वन्नाकडून तबक घेतलं, मित्रांनी नागाला उचलून उंबऱ्याआत ठेवलं, आणि तिने चीवर त्याच्या हाती दिलं.

आत सगळे गुडघ्यांवर बसले. विहारातल्या भन्तेंनी रीतीप्रमाणे नागाला पाली भाषेत विचारलं, तू माणूस आहेस ना? फूमचं उत्तर आलं, "आम भन्ते." होय, भन्ते.

बाहेर टक, टक, लाकडी घंटा अजून मंदिराला फेऱ्या घालत होती. मिरवणूक संपल्याचं म्हशीला कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या रांगेत, नेसूच्या काठाखाली, बुआलायचा पाय हलत होता. अगदी हळू, एकही ठोका पुढे न पळता.