आप्पांनी जोडलेले नळ

आप्पांच्या थोरल्या लेकीने केसाएवढ्या काचेच्या तारेचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवलं आणि पडद्यावरची रेघ झपकन खाली आली. म्हणजे पाण्यात शिसं. टोकावरच्या लेपाला शिसं चिकटलं, की तारेतून सोडलेला उजेड मंद होऊन परततो, एवढं साधं काम. पण बाटली तिच्या स्वतःच्या घरची होती. चांगल्या पाण्यात रेघ कशी सरळ राहते, हे सहकाऱ्यांना दाखवायला तिनेच कौतुकाने आणली होती. तिने तार बदलली, लेप बदलला, नशिबाला दोन शिव्या हासडल्या. शेवटी प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्रानेही तेच सांगितलं.

घरचे नळ आप्पांच्या हातचे. तिच्या वडिलांनी जन्मभर प्लंबरचं काम केलं. तांब्याचे पाइप वितळलेल्या शिशाचा डाग देऊन जोडायचे आणि माझा सांधा गळला तर मिशी उतरवीन, म्हणून मिरवायचे. मिशी अजून शाबूत होती. आणि भावजयीला सहावा महिना होता, ती दिवसभर तेच पाणी पीत होती.

तारेची पेटी पिशवीत टाकून थोरली घरी निघाली. वाटेत तिने बरीच जुळवाजुळव केली आणि दारात पाऊल टाकताच सांगितलं, की सध्या साथ आहे, पिण्याचं पाणी बाहेरून आणू. थाप मारणं तिला कधीच जमलं नव्हतं. आप्पांनी चष्मा काढून विचारलं, साथ कसली? ज्या हातांनी तिला शिकवलं, वाढवलं, त्यांना नावं कशी ठेवायची?

"पाण्यात शिसं आहे, आप्पा. सांध्यांतून उतरतंय. तेव्हा सगळेच तसं जोडायचे."

"सगळ्यांचं राहू दे. सूनबाई कधीपासून पितेय?"

"लग्न होऊन आली तेव्हापासून."

आप्पा उठले, मोरीपाशी जाऊन मुख्य कॉक बंद केला. सकाळीच सुनेला रक्त तपासायला न्यायचं, असं मुलाला बजावलं. मग खुर्चीत बसून नुसते हातांकडे बघत राहिले. म्हातारा खचला, असं थोरलीला वाटलं.

थोड्या वेळाने ते चपला शोधू लागले.

"तुझी ती तार घे बरोबर."

"कुठे जायचंय?"

"शेजारी. त्यांचे नळ मीच जोडलेत. त्यांच्या पलीकडचेही. अख्ख्या गल्लीचे." त्यांनी दाराची कडी काढली. "तू फक्त तार बुडव. सांगायचं ते मी सांगेन."