सिस्टरच्या मागे लागलेला थेंब

मी एक पिपेट. वीतभर लांबीची, अंगठ्याने दाबायची. आसवाहून लहान थेंब मोजून उचलायचा आणि दुसऱ्या नळीत सोडायचा, एवढंच माझं काम. नऊ वर्षं ते इमानेइतबारे केलं आणि एका दुपारी माती खाल्ली.

इस्पितळात नवजात बाळांच्या कक्षात सहा बाळं तापाने फणफणली. जंतू आला कुठून, कळेना. जंतूंचीही घराणी असतात. त्यांच्या डीएनएचे पट्टे उमटवले की कोण कुठल्या कुळातला ते ओळखू येतं. म्हणून प्रयोगशाळेतल्या आमच्या बाईंकडे बाळांच्या रक्तातले आणि नर्सेसच्या हातांवरचे जंतू तपासायला आले. मोठे डॉक्टर सारखे दारात. "बाई, झालं का?"

घाईत बाईंनी माझा खटका झटकन सोडला आणि दर नळीला बदलायच्या प्लास्टिकच्या टोकातच थांबायला हवा होता, तो बाळाच्या नमुन्याचा थेंब थेट माझ्या पोटात चढला. मला कळलं, पण सांगणार कशी? पुढच्या नळीत तो हळूच गळला. ती नळी एका सिस्टरची होती. बाळांच्या नळ्यांच्या लगेच मागे लागली, एवढाच तिचा गुन्हा.

पट्ट्याला पट्टा जुळला. एकोणीस वर्षं बाळं सांभाळलेली सिस्टर प्रयोगशाळेत आली.

"बाई, पुन्हा एकदा बघाल का? हात धुतल्याशिवाय मी बाळाला शिवत नाही हो."

"सिस्टर, पट्टे खोटं बोलत नाहीत."

मी तिथेच स्टँडवर लटकले होते. धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

सिस्टरला कक्षातून काढलं. बाळांच्या आया तिला जिन्यात बघून तोंड फिरवू लागल्या. बाराव्या दिवशी सातवं बाळ तापलं. सिस्टर तर तिथे नव्हतीच! बाई चपापल्या. कक्षातल्या बेसिनच्या जाळीखालचाही नमुना आणून त्यांनी सगळं नव्याने लावलं. पहिल्या वेळी घाईत वगळलेली नुसत्या पाण्याची नळीही या वेळी ठेवली. तिच्यात काहीच उमटायला नको होतं. उमटले ते बाळांचेच पट्टे.

बाईंनी मला उघडलं. आतला वाळका डाग पाहून त्यांनी दुसरी पिपेट उचलली आणि सगळं पुन्हा लावलं.

तिने खरं सांगितलं. सिस्टरचे हात निर्दोष होते, जंतू बेसिनमधला होता. भलताच गुन्हेगार सापडला म्हणून खऱ्याला कुणी शोधलंच नव्हतं. सहा बाळं बरी झाली. सातवं गेलं.

बाईंनी सिस्टरला बोलावून नवा अहवाल हातात दिला. "चूक माझी होती. तुमची माफी कुठल्या शब्दांत मागू?"

सिस्टरने कागद वाचला, घडी घातली.

"त्या बाळाच्या आईला सांगितलंत?"

"अजून नाही."

"चला. मी येते बरोबर."

दोघी गेल्या. मी टेबलावर उघडीच पडले होते.

आता मला धुऊन, तपासून ठेवलंय. बिनचूक आहे म्हणतात. पण माझी एक विनवणी आहे. मला साधं पाणी मोजायला द्या, नाहीतर टाकून द्या. मी उचललेल्या थेंबावरून पुन्हा कुणाच्या हातांचा निवाडा करू नका.