खाकी कव्हरमधली कादंबरी

ऑर्ला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. मूळची आयर्लंडची. शारजाच्या एका शाळेत शिकवते, पण तिचं खरं काम कादंबऱ्या लिहिणं आणि लंडनच्या एका साप्ताहिकात पुस्तकांची परीक्षणं करणं. दुबईत, आमच्या अल कुसैसला आल्यापासून तिकडच्या वाचकांशी तिला जोडून ठेवणारं ते सदर एवढंच उरलं होतं.

फेब्रुवारीत तिच्याकडे परीक्षणासाठी तीन कादंबऱ्या आल्या. त्यांतल्या एकीच्या लेखकाने पूर्वी ऑर्लाच्या पहिल्या पुस्तकाची जाहीर चिरफाड केली होती.

"ते पुस्तक मला आवडायलाच नकोय," ती म्हणाली. "म्हणजे मत आधीच बिघडलंय. तुम्ही लॅबमध्ये अशा वेळी काय करता?"

मी पाण्याचे नमुने तपासते. "बाटलीवरचं नाव झाकतो. तपासणाऱ्याला फक्त नंबर दिसतो."

मग मी तिन्ही पुस्तकांची नावाची पानं स्टेपल केली, शाळेच्या वह्यांना घालतो तशी खाकी कव्हरं घातली आणि वर नंबर टाकले.

"शी विल गेस, ममा," माझी मुलगी शुभ्रा म्हणाली.

आठवड्याने ऑर्ला आली. "दोन नंबर त्याचं. तिसऱ्या पानावर ओळखलं. अजूनही त्याची प्रत्येक बाई खिडकीपाशीच उभी असते."

"टोल्ड यू," शुभ्रा आतून म्हणाली.

"आणि पुस्तक कसं आहे?" मी विचारलं.

"चांगलं आहे. तोच तर त्रास आहे."

"मग झाकून उपयोग नाही. जी अडचण काढता येत नाही, ती आम्ही रिपोर्टमध्ये लिहितो."

तिने तसंच केलं. या लेखकाने माझ्या पुस्तकावर काय लिहिलं होतं ते मी विसरलेले नाही, वाचकाने हे लक्षात ठेवून पुढे वाचावं, असा पहिला परिच्छेद. पुढे मनापासून कौतुक, आणि शेवट फसलाय हेही स्पष्ट.

संपादकाचं उत्तर आलं: पहिला परिच्छेद काढा, नाहीतर सदराचा पुन्हा विचार करावा लागेल.

"काढून टाक ना," मी म्हटलं. "बाकी सगळं तेच राहतंय."

"तू काढशील रिपोर्टमधून?"

मी चहाचं आधण ठेवलं.

तिने आमच्या डायनिंग टेबलवरूनच लिहिलं: आहे तसं छापा, नाहीतर परत करा. "खलास," म्हणत लॅपटॉप मिटला.

सोमवारी परीक्षण परत आलं. सदरही गेलं.

मंगळवारी ती आली तेव्हा तिच्या हातात आणखी एक कादंबरी होती. मी कव्हरचा कागद काढायला उठले.

"नको. नाव दिसू दे."

"पण छापणार कोण?"

"शोधेन. आधी वाचून तर होऊ दे," असं म्हणून तिने पेन्सिलीला टोक काढलं.