चादरीआडचं दुकान

चारुलताने चादरीचं एक टोक खिळ्याला अडकवलं आणि दुसरं टोक नवऱ्याच्या, हिलालच्या हातात दिलं. हिलाल स्टुलावर उभा होता. त्याने ओठात धरलेला खिळा काढला, फळीच्या कोपऱ्यात ठोकला आणि चादर ताणून बसवली. निळ्या फुलांच्या त्या चादरीमागे कीटकनाशकांच्या बाटल्यांच्या रांगा दिसेनाशा झाल्या. मग त्याने स्वतःहूनच भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. त्यावर औषध कंपनीचं नाव होतं.

"बाहेरचा बोर्ड बी झाकू का?" त्याने विचारलं.

विचारण्यात टोमणा नव्हता, आणि चारुलताला तेच टोचलं. बोर्ड काही मोबाइलमध्ये दिसणार नाही, असं तिने सांगितलं. तो बरं म्हणाला आणि हातोडी ठेवायला गेला.

सोनगीरला हायवेच्या कडेला हिलालचं कृषी सेवा केंद्र होतं आणि मागच्या दोन खोल्यांत घर. मोबाइलवर थेट चित्र काढून दाखवायचं तर इंटरनेट लागायचं, ते दुकानात होतं आणि उजेडही दुकानातच बरा होता. म्हणून हा सगळा चादरीचा खटाटोप.

दुकानात माणसांपेक्षा किडे जास्त येत, असं हिलाल गमतीने म्हणायचा. शेतकरी किडलेलं पान, पोखरलेलं बोंड, कधी नुसताच किडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणत आणि काउंटरवर ठेवून म्हणत, "येले काय मारू?" हिलाल पाहायचा, औषध द्यायचा, आणि पिशवी कचऱ्यात जायची. मुलगी कामिनी लग्न होऊन सुरतेला गेली त्या वर्षी चारुलताला घर खायला उठायचं, तेव्हा ती काउंटरवर येऊन बसू लागली. एका दुपारी अशाच एका पिशवीत तिला हिरवट भुंगा दिसला. त्याची पाठ घासलेल्या पितळी तांब्यासारखी चकाकत होती. तिने तो एका जुन्या बिलाच्या पाठीवर काढला. शाळेत असताना काढलेल्या जास्वंदीनंतरचं हे तिचं पहिलंच चित्र. भुंग्याचे पाय काढताना चहा गार झाला, दूध उतू गेलं, आणि तरीही ती किती खूश होती हे तिलाही नवल वाटलं.

कामिनीने त्या चित्राचा फोटो पाहिला आणि आईला इंटरनेटवरच्या 'कीटक कट्टा' नावाच्या गटात सामील करून दिलं. तिथे बहुतेक जण किडे रंगवायचे. नागपूरची शिल्पा क्रोशाच्या सुईने सुरवंट विणायची, आणि एक निवृत्त पोस्टमास्तर कागदाच्या घड्यांतून चतुर बनवायचे, अगदी पंखांवरच्या रेघांसकट. ज्यांच्याशी रात्रंदिवस बोलावं अशी माणसं चारुलताला आयुष्यात प्रथमच मिळाली होती, आणि त्यांतल्या एकालाही तिने प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं.

कट्ट्याचा रिवाज एकच होता. किडा डोळ्यांसमोर ठेवून काढायचा, फोटोवरून नाही. आणि चित्र झाल्यावर किडा जिथला तिथे सोडून द्यायचा, मग चित्राखाली 'सोडला' असं लिहायचं. चारुलताही लिहायची. तिचे किडे कुठून येतात आणि नंतर कुठे जातात, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. कट्टा चालवणाऱ्या पुण्याच्या मयुरीने एकदा मेलेल्या मधमाश्यांचा फोटो टाकून लिहिलं होतं की, ही विषं विकणाऱ्यांना झोप तरी कशी लागते. सगळ्यांनी खाली रडके चेहरे टाकले. चारुलतानेही टाकला. त्याच वेळी समोर काउंटरवर हिलाल एका तरुण शेतकऱ्याला परत पाठवत होता. परवाच फवारलंय, लगेच दुसरं मारू नको, म्हणत होता. त्यादिवशी तिने त्याच्या चहात साखर दोनदा घातली आणि कारण विचारल्यावर डोकं दुखतंय म्हणाली.

आज कट्ट्यावरच्या सगळ्यांना मोबाइलवर थेट चित्र काढून दाखवायची पाळी तिची होती. तिने मुद्दाम ढालकिडा निवडला होता. पिकावरची मावा नावाची कीड खाणारा बिचारा ठिपकेदार किडा, त्याला मारायला कोणी औषध मागत नाही. तो हिलालनेच आदल्या दिवशी कोणाच्या तरी शेतातून काडेपेटीत घालून जिवंत आणला होता. काडेपेटीला हवेसाठी टाचणीने भोकंही पाडली होती.

शटर अर्धं ओढून घेतलं. चारुलताने पितळी झाकणीत कपाशीचं पान ठेवलं, पानावर ढालकिडा, आणि मोबाइल डब्याला टेकवला. पंखा बंद करावा तर ऑक्टोबरचं ऊन, चालू ठेवावा तर चादर उडते. शेवटी हिलाल मोबाइलमध्ये दिसणार नाही अशा बेताने कोपऱ्यात उभा राहिला आणि त्याने चादरीचं खालचं टोक मुठीत धरून ठेवलं.

मोबाइलच्या पडद्यावर एकेक चेहरा येत गेला. चारुलताचा आवाज आधी कापरा होता, पेन्सिल कागदाला लागल्यावर तो ठीक झाला. पाठीचा गोल आधी काढायचा, ठिपके शेवटी, असं ती सांगत होती. मयुरीने मागचा पडदा किती सुंदर आहे म्हणून कौतुक केलं. मग ताई, तुमच्याकडे इतके वेगवेगळे किडे येतात तरी कुठून, असंही विचारलं. शेतं जवळच आहेत ना, असं म्हणून चारुलता पुन्हा ठिपक्यांकडे वळली. कोपऱ्यात हिलालने चादर या हातातून त्या हातात घेतली.

तेवढ्यात शटरखालून वाकून कोणीतरी आत आलं. ते उखर्डू आबा होते, सोनगीरच्या पलीकडच्या शिवारात कपाशी असलेले. हातात पिशवी, तिच्यातला किडा म्हणे कपाशीवर सगळीकडे पसरला होता.

"हिलाल, कपाशीवर बठ्ठीकडे हाऊच शे. देख बरं."

"हयू बोला, आबा. आज दुकान बंद शे," हिलाल कुजबुजला.

"बंद? मंग तू आठे काय करी राह्यना?"

हिलालने एकदा चारुलताकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला.

"आज हाई दवाईनं दुकान नही, आबा."

"मंग कसानं शे?"

चादर धरलेला हात तसाच ठेवून हिलाल आबांना दुसऱ्या हाताने, नंतर या, असं खुणावत राहिला. बापाच्या मागे ज्याने हे दुकान उभं केलं, सोनगीरपासून नरडाण्यापर्यंत ज्याचा शब्द लोक मानतात, तो माणूस आपल्याच दुकानात चोरासारखा उभा होता. आणि तो तिच्यासाठी उभा होता. चारुलताला स्वतःचा राग आला, इतका की पेन्सिलीचं टोक मोडलं.

ती उठली. हिलालच्या मुठीतून तिने चादर सोडवली आणि जोराने ओढली. वरचा खिळा टणकन खाली पडला. बाटल्यांच्या रांगा लखलखीत उघड्या झाल्या. या गडबडीत ढालकिडा झाकणीच्या काठावर चढला आणि उडून गेला.

"हे माझे मिस्टर," ती मोबाइलकडे पाहून म्हणाली. "आमचं कीटकनाशकांचं दुकान आहे. मी काढलेले किडे या दुकानात औषध मागायला आलेल्या लोकांनी आणलेले असतात. 'सोडला' असं मी लिहायचे ते खोटं होतं."

पडद्यावरून दोन-तीन चेहरे नाहीसे झाले. हिलाल खाली पडलेला खिळा शोधत बसला, खरं तर तो त्याच्या पायाशीच होता.

चारुलताने आबांच्या हातातली पिशवी घेतली. आत फुटलेल्या बोंडावर लाल ढेकण्या, कपाशीचा रस शोषणारा किडा, चालत होता, शेंदरी अंगाचा, मानेशी पांढरी पट्टी असलेला.

"आबा, जरा बसा. आधी याचं चित्र काढू द्या, मग दवाई घेऊन जा."

आबा खताच्या गोणीवर बसले. त्यांनी हिलालकडे पाहिलं, हिलालने खांदे उडवले. चारुलताने नवा कागद घेतला आणि पेन्सिलीला टोक केलं. कट्ट्यावर उद्या आपल्याला ठेवतील की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. मोबाइल मात्र तिने बंद केला नाही. अर्धं अंग काढून झालं तेव्हा मयुरीचा आवाज आला. आवाज जरा कोरडाच होता.

"बोंड थोडं पुढे घेता का, ताई? मानेवरची पट्टी दिसत नाहीये."

चारुलताने बोंड पुढे घेतलं. आबाही गोणीवरून पुढे सरकले. जन्मभर कपाशी केली, पण ढेकण्याच्या पाठीवर दोन काळे ठिपके असतात हे आपण कधी नीट पाहिलं नाही, असं ते हिलालला म्हणाले. हिलालने तोवर फळीवरून बाटली उतरवली होती. तोंडाला रुमाल बांधा, वाऱ्याकडे पाठ करून मारा, असं तो नेहमीसारखं, पण आज मोठ्याने सांगत होता.

चित्र झालं आणि बोंड किड्यासकट परत पिशवीत गेलं. आबांनी बाटली खिशात घातली, पिशवी उचलली आणि दाराशी जाऊन थबकले. एकदा कागदाकडे आणि एकदा पिशवीत पाहून ते म्हणाले,

"येले एकले बांधवर सोडी देसू. बाकीनासले दवाई."

ते शटरखालून वाकून हायवेकडे गेले. पडद्यावर शिल्पा हसत होती, बाकीचे चित्राखाली काय लिहिलं जातंय याची वाट पाहत होते. चारुलताने 'सोडला' असं लगेच लिहिलं नाही. आबांचं शेत लांब होतं. ते बांधापर्यंत पोचतील तेवढा वेळ ती थांबली.