बर्फाला नमस्कार

मोज्याच्या अंगठ्यापाशी लोकर विरली होती. प्रबोधने तो दांडीवरून काढून दाबून पाहिला — अजून दमटच. न्यूझीलंडहून परतून चार दिवस झाले, आणि सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या या हवेत लोकर काही वाळायला तयार नाही... पण आईचे हे मोजे दोनदा धुतले गेले होते. काल आईने विचारलं होतं, "प्रबोध, हे मी धुतले का रे?" आणि तो काही बोलायच्या आत पुन्हा भिजवले होते.

आई असं विचारणारी नव्हे. एकतीस वर्षं पुण्यात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवलेली बाई. तीस वर्षांपूर्वीच्या लग्नात कोणत्या पंगतीला मठ्ठा संपला तेही तिला पाठ. आणि आता, परतल्यापासून — गॅस बंद केला का, गोळी घेतली का, दाराला कडी लावली का. सकाळी तिने किमयाला पोह्यांत मीठ घातलंय का ते दोनदा विचारलं.

"आजी, यू ऑलरेडी आस्क्ड, लाह!" किमया हसली.

आईही हसली. अनघाने मात्र त्याच्याकडे पाहिलं. "आईंचं काय चाललंय रे? डॉक्टरांना दाखवूया का?"

"प्रवासाचा शीण असेल," तो म्हणाला आणि पोह्यांवर आणखी लिंबू पिळत बसला. नको इतकं पिळलं.

अनघाला माहीत नाही. ती आणि किमया तेव्हा बर्फावर पुढे गेल्या होत्या. ऐकलं ते त्या तांबड्या दाढीच्या गाइडने, मागच्या सहा-सात अनोळखी माणसांनी... आणि आईने? ऐकलंच असणार. दोन हातांवर तर होती.

त्या दिवशी आईइतकं खुशीत कुणीच नव्हतं. हेलिकॉप्टरमध्ये बसवण्याआधी सगळ्यांना वजनकाट्यावर उभं केलं आणि तिला पायलटशेजारची जागा मिळाली; मग काय, कानांवरच्या त्या यंत्रातून तिचा तासच सुरू झाला — "किमया, खाली बघ, तो हिमोढ! बर्फाने वाहून आणलेले दगड!" — जन्मभर फळ्यावर निळ्या खडूने काढलेली हिमनदी तिने वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा पाहिली होती. खाली उतरलो, सगळ्यांच्या बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधले, एका ओळीत चालायला लागलो, आणि पंधरा-वीस मिनिटांनी आई ओळ सोडून खाली बसली. पट्टे सोडले, बूट काढले, नीट जोडीने बाजूला ठेवले. मग त्या लोकरी मोज्यांनिशी गुडघे टेकून तिने बर्फावर डोकं ठेवलं. पायात जोडे घालून नमस्कार करायचा नाही, एवढी साधी गोष्ट — मलाही तिनेच शिकवलेली.

गाइड ओरडत धावला. ओळ थांबली. कुणीतरी फोन काढला. आणि प्रबोधला, चाळीस माणसांच्या टीमचा मॅनेजर असलेल्या प्रबोधला, त्या क्षणी आईची लाज वाटली, कान तापेपर्यंत लाज वाटली, आणि तोंडातून निघून गेलं, "सॉरी, माय मदर हॅज डिमेन्शिया."

किती सहज! जणू घरून पाठ करून आणलेलं. गाइडचा चेहरा लगेच निवळला. त्याने स्वतः वाकून तिला बूट चढवले, एकेक शब्द सुटा करून मोठ्याने बोलला, आणि परतेपर्यंत तिचा हात सोडला नाही. तिने सोडवून घेतला नाही. परतीच्या उड्डाणात तिने कशाचंच नाव सांगितलं नाही.

बुधवारी तिचं विमान. आज रविवार. तीन दिवसांत बोलायला हवं... काय बोलायचं? 'आई, मी खोटं बोललो' — हे तिला सांगायला कशाला हवं? तिच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? की ती मला शिक्षा करते आहे — वर्गात गप्प उभी राहून पोरींना रडवायची, तशी? तसं असेल तर बरं. तिचा राग मला ओळखीचा आहे, त्याच्यापुढे वाकता येईल.

तो खोलीच्या दारात उभा राहिला. आई पलंगावर बॅग उघडी टाकून साड्यांच्या घड्या घालत होती. घातलेली एक घडी तिने मोडली, पुन्हा घातली.

"आई."

"ये रे." तिने वर पाहिलं. "आज वार कोणता?"

तो तिच्या डोळ्यांत शोधत राहिला — टोमणा, रुसवा, ओठाच्या कोपऱ्यातलं ते मास्तरीणबाईंचं हसू, काहीही. डोळे स्वच्छ होते, उत्तराची वाट पाहत होते. आणि तिथे, दाराची चौकट धरून उभा असताना, माझ्या मनात आलं की ही खरंच विसरत असेल तर... तर तेव्हाही विसरतच असेल. मग मी खोटं बोललो नव्हतो. मग मी फक्त सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं.

"रविवार," मी म्हणालो.

"हो का," ती म्हणाली, आणि साडीच्या घडीवरून हात फिरवत राहिली. माझ्या छातीवरचं ओझं खरोखरच उतरलं होतं. आईचं भान हरपावं अशी इच्छा मी केली होती, आणि मला हलकं वाटत होतं.