सातव्या मजल्यावरून दाबलेलं बटण

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे, गाडी लांबून चालू करणारा. वय माझं चारच वर्षं, पण माझ्याकडून जे घडलं त्यानंतर स्वतःला नवा म्हणवून घ्यायची लाज वाटते. सुनेत्राबाईंचा उजवा हात माझ्यामुळे अधू झाला. चिखलोलीच्या आमच्या इमारतीत त्या मुलींना शिवण शिकवायच्या. आता त्यांना कात्री धरता येत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते उल्हासनगरमधलं दुकान. तिथून सुनेत्राबाईंचे यजमान शशिकांतराव मला घेऊन आले. अंबरनाथच्या एका कारखान्यातून ते अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. माझं बटण दाबलं की खाली गाडी चालू व्हायची, एसी लागायचा आणि दोघं उतरेपर्यंत आतली भट्टी निवलेली असायची. शेजारी कौतुक करायचे आणि मी फुगायचो.

अडचण एकच होती. सातव्या मजल्यावरून माझा निरोप गाडीपर्यंत कधी पोचायचा, कधी नाही. पोचला की माझा हिरवा दिवा लागायचा. त्या दिव्यासाठी शशिकांतराव गॅलरीच्या टोकाला जायचे, मला हनुवटीला टेकवून धरायचे. त्याने रेंज खरंच थोडी वाढते. मग त्यांनी माझा सेल बदलला. शेवटी दुकानातल्या नरेंद्र फिटरने डॅशबोर्डच्या आत दडलेला अँटेना काढला आणि पत्र्यापासून लांब, काचेवर उंच चिकटवला. तेव्हापासून दिवा पहिल्याच दाबात लागू लागला. गाडी मात्र कधी कधी तरीही ढिम्म हलायची नाही.

"अजून रेंज वाढव," शशिकांतराव नरेंद्रला म्हणाले.

"साहेब, रेंजचा लफडाच नाय. तुम्ही कधी कधी हँडब्रेक लावत नाय ना. तो खाली असला तर गाडी चालू नाय होणार. सेफ्टी आहे ती."

त्याचं बरोबर होतं. पावसाळ्यात ओढून ठेवलेला हँडब्रेक जाम होतो, म्हणून तो न लावता गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून उतरायची शशिकांतरावांची जुनी सवय.

"मग ती सेफ्टीची वायर काढून टाक."

"काढतो, पण गाडी कायम न्यूट्रललाच ठेवा. एकदा पण विसरून गिअरमध्ये ठेवलीत तर चालू होताच उडी मारेल."

"मला नको शिकवूस. कारखान्यात तीस वर्षं मी हेच शिकवलं."

वायर निघाली. मी मनातून खूश झालो, हे सांगताना आज मान खाली जाते. मला अडवणारं आता कुणी उरलं नव्हतं.

पुढे कित्येक महिने ते न्यूट्रल विसरले नाहीत. मग दसरा आला. सकाळी झेंडूची फुलं घेऊन ते घाईत परतले आणि जुन्या सवयीने हात पहिल्या गिअरवर गेला. सुनेत्राबाई पूजेचं ताट घेऊन खाली गेल्या. वर त्यांचा बदलापूरचा भाऊ उन्मेष आला होता.

"भावजी, इथून होते गाडी चालू?" त्याने विचारलं.

"बघच तू," म्हणत शशिकांतरावांनी मला उचललं. ते उन्मेषकडे बघत होते, खाली नाही. माझा दिवा ऐटीत लागला. खाली सुनेत्राबाई पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवत होत्या. गाडीने हिसका दिला, वीतभर पुढे सरकली आणि बंद पडली. चाक त्यांच्या बोटांवर होतं. गाडीचं दार बंद, आणि किल्ली वर माझ्याच कडीला. शशिकांतराव मला मुठीत आवळून सात मजले जिन्याने उतरले. त्या प्रत्येक पायरीवर मला वाटत होतं, माझा निरोप आज पोचला नसता तर किती बरं झालं असतं.

दवाखान्यात ते म्हणाले, "तो रिमोटच बिघडला होता."

"तो नीट चालला," सुनेत्राबाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही खाली बघितलं नाहीत."

दुसऱ्या आठवड्यात शशिकांतरावांनी नरेंद्रकडे जाऊन वायर परत जोडून घेतली. माझा सेल काढला आणि मला कपाटात टाकलं. मला ते योग्यच वाटलं.

मित्रांनो, लांबून हुकूम सोडण्यात मोठी ऐट वाटते. पण तो जिथे पोचतो तिथे कोण वाकलं आहे ते आधी बघा. आणि कुणी सुरक्षेसाठी एखादी वायर जोडली असेल, तर तिला अडचण समजू नका.

प्लॅस्टर निघाल्यावर डॉक्टरांनी अंगठ्याचा व्यायाम सांगितला. सुनेत्राबाईंनी कपाटातून मलाच काढलं. रोज संध्याकाळी त्या माझं बटण दाबू बघायच्या आणि अंगठा अर्ध्यावरच थांबायचा. शशिकांतराव समोर बसून असायचे.

काल बटण पहिल्यांदा पूर्ण दाबलं गेलं. टक् असा आवाज झाला. सुनेत्राबाई हसल्या. माझ्यात सेल नाही हे शशिकांतरावांना ठाऊक होतं, तो त्यांनीच काढला होता. तरी ते धडपडत उठले, गॅलरीत गेले आणि कठड्यावरून वाकून खाली बघत राहिले.