खोक्यावरचे तास

तुकडे जुळवून चित्र करायच्या पुठ्ठ्याच्या कोड्यांच्या खोक्यावर उजव्या कोपऱ्यात एक लहानसं घड्याळ छापलेलं असे आणि त्याखाली लिहिलेलं असे : ‘सुमारे सहा तास’. हे सहा तास येतात कुठून, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नसे. लोकांना वाटे, कुठेतरी शास्त्रज्ञ बसले असतील. प्रत्यक्षात ते कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, पार्सलच्या खोलीशेजारी, एका डुगडुगत्या टेबलापाशी बसलेल्या एका गृहस्थांच्या पाठीतून येत. त्यांना सगळे वेळकाका म्हणत.

वेळकाकांचं काम सांगायला सोपं होतं. नवीन चित्र छापून, साच्यात कापून आलं की पहिला खोका त्यांच्याकडे येई. तो फोडायचा, तुकडे पसरायचे, चित्र जुळवायचं आणि किती वेळ लागला ते सांगायचं. सत्तावीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. “आमच्या भावजींना खेळायचा पगार मिळतो,” असं त्यांचे मेहुणे चारचौघांत सांगत. काकांनी एकदा मेहुण्यांना हजार तुकड्यांचं नुसतं धुकं जुळवायला दिलं. तेव्हापासून मेहुणे त्यांच्याशी हवापाण्याविषयीसुद्धा बोलत नाहीत.

आता काकांना सुटायचं होतं. मान वळत नव्हती, डोळे चुरचुरत होते, आणि निळ्या रंगाचा तर त्यांना इतका वीट आला होता की बायकोने निळी साडी नेसली तरी ते कडेचे तुकडे शोधू लागत. निवृत्तीचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. पण मॅनेजरसाहेब दर वर्षी मुदत वाढवत, आणि त्याला कारण होतं. काका जसजसे थकत गेले तसतसा मालाचा खप वाढत गेला होता. जे चित्र पूर्वी ते चार तासांत जुळवत, त्याला आता सहा लागत. खोक्यावर सहा छापलं जाई. घरी लोक ते पाचात उरकत, आपण भलतेच हुशार आहोत असं समजत आणि दुसरा खोका घ्यायला येत.

“काका, तुमचा थकवा हे आपलं भांडवल आहे,” साहेब एकदा अगदी प्रेमाने म्हणाले होते. “तुमच्या जागी माणूस मिळाला, की त्याच दिवशी तुम्ही मोकळे. शब्द देतो.”

घरी बायको म्हणाली, “अहो, त्यांना म्हणावं, नवरा परत करा. थोडा वापरता येण्यासारखा आहे तोवर.”

आणि मग माणूस मिळाला. ती एक तरुण मुलगी होती, नुकतंच लग्न झालेली. पाचशे तुकडे पस्तीस मिनिटांत जुळवण्याचा विक्रम तिच्या नावावर होता. साहेबांनी तिला मोठ्या थाटात आणलं. खाली हमालांपासून वर हिशेबनीसांपर्यंत सगळे तिला विक्रमबाई म्हणू लागले. तिने पहिल्याच दिवशी तीन खोके संपवले आणि विचारलं, “बाकीचे कुठे आहेत?”

काका मनातल्या मनात बूट काढून पाय लांब करून बसले.

पण खोक्यांवर ‘सुमारे चाळीस मिनिटे’ छापून माल बाजारात गेला आणि पुढच्या महिन्यात लोक खोके परत घेऊन येऊ लागले. एक गृहस्थ तर आठवडाभर कोड्यापाशी बसले होते. त्यांच्या मुलांनी त्यांना डॉक्टरकडे नेलं होतं. साहेबांनी मग तिच्या वेळेला सरळ दहाने गुणून पाहिलं. तेही फसलं, कारण विक्रमबाईंना मांजर जुळवायला आणि मोकळं आभाळ जुळवायला सारखाच वेळ लागे. ती रंग बघतच नसे, तुकड्याचा आकार बघे. बाकीची दुनिया मात्र मांजर हसत जुळवते आणि आभाळापाशी रडते.

“काका,” साहेब म्हणाले, “हिला जरा हळू व्हायला शिकवा. नाहीतर तुम्ही आहातच.”

त्या ‘आहातच’सरशी काकांनी स्टूल टेबलाशी ओढलं. ते विक्रमबाईंना शिकवायला बसले.

“हे बघ पोरी, मध्येच उठायचं. खिडकीशी जायचं. परत येऊन एक तुकडा उचलायचा आणि तो सहा चुकीच्या जागी लावून बघायचा.”

“पण काका, तो कुठला आहे ते दिसतंय की!”

“दिसलं तरी कबूल करायचं नाही. लोक करत नाहीत.”

तिने मनापासून प्रयत्न केला. उठली, खिडकीशी गेली, परत आली. पण उभ्या उभ्या तिच्या बोटांनी चार तुकडे लावलेसुद्धा. पंधरवडाभर काका तिच्याशी झगडले. शेवटी दोघांनीही हात टेकले.

“मला नाही जमणार, काका,” ती रडवेली होऊन म्हणाली. “मला आकारच दिसतात, साहेब साचे तपासायच्या कामाला लावतील तर बरं. पण हळू म्हणत असाल ना, तर माझ्या सासूबाई आहेत.”

“हळू आहेत?”

“काका, त्या सुईत दोरा ओवायला बसल्या की आम्ही जेवून घेतो.”

सासूबाई आल्या त्या कुरकुरतच. “मला घरी कामं नाहीत का? एकदाच बसेन. परत बोलावलंत तर येणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.” त्यांच्यापुढे पाचशे तुकडे ठेवले : तलाव, होडी, वर ढग. काका कोपऱ्यात स्टूल घेऊन बसले. श्वासही बेताने घेत होते.

सासूबाईंनी कडा सोडून थेट मधून सुरुवात केली. काकांना आनंदाने गहिवरून आलं. त्या प्रत्येक तुकड्याशी भांडत होत्या. “हा कुठला? होडीचा? छे. शेपूट दिसतंय.” “आई, तलावात शेपूट कुणाचं असणार?” सून म्हणाली. “तू गप्प बस, तुझ्या घाईनेच आमचं दूध उतू जातं.” न बसणारा तुकडा त्या मुठीने बुक्की मारून बसवत. पहिल्या दिवशी अर्धा तलाव झाला. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर त्यांनी शेवटची बुक्की मारली आणि पदराने घाम पुसला.

“नऊ तास!” साहेबांनी घड्याळ बघितलं. चित्राकडे त्यांनी पाहिलंही नाही. “वा! काका, तुम्ही एकदा नजर टाका. बरोबर असेल तर संध्याकाळी तुमचा हिशेब करून टाकतो.”

काका वाकले. वाकताक्षणी त्यांना ते दिसलं. वरच्या ढगात वल्ह्याचं टोक होतं, आणि खाली वल्ह्याच्या जागी ढगाचा एक पुंजका. दोन तुकडे साच्यातून जवळजवळ सारखेच निघाले होते, आणि उरलेलं बुक्कीने साधलं होतं.

चूक निघाली की चाचणी बाद, नवा खोका, पुन्हा पहिल्यापासून. हा नियम काकांनीच घालून दिला होता, आणि सत्तावीस वर्षांत स्वतःलाही एकदा माफ केलं नव्हतं. सासूबाई तर चपला घालू लागल्या होत्या. काकांचा हात सवयीने टेबलाकडे गेला. मधेच थांबला. त्यांनी तो मागे घेऊन कमरेवर ठेवला, कारण कंबर खरोखरच दुखत होती.

“बरोबर आहे,” काका म्हणाले.

विक्रमबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पस्तीस मिनिटांत पाचशे तुकडे बघणाऱ्या डोळ्यांना दोन दिसले नसतील, असं मानायला काका तयार नव्हते. ती पुढे झाली आणि दोन्ही हातांनी तलाव, होडी, ढग असं सगळं क्षणात मोडून खोक्यात भरलं. झाकण लावलं.

“चला आई,” ती म्हणाली, “उद्यापासून टिफिन दोघींचा.”

“उद्यापासून?” सासूबाई ओरडल्या. “मी एकदाच म्हटलं होतं!”

“पगार आहे,” साहेब म्हणाले. सासूबाईंनी चपला काढल्या.

काका घरी पोचले तेव्हा अंधार पडायचा होता.

“सुटलात?” बायकोने दारातच विचारलं.

“सुटलो.”

“मग तोंड असं का?”

“ढगात वल्हं राहिलं गं,” काका खुर्चीत बसत म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे नीट बघितलं. एवढ्या वर्षांत तिने विचित्र वाक्यं पुष्कळ ऐकली होती. “राहू दे,” ती म्हणाली. “ज्याचा ढग आहे तो बघेल. जेवता का आधी पडता?”

काका बसल्या जागी झोपले होते, तोंड किंचित उघडं ठेवून, आणि एक हात अजून कमरेवर होता.